अँटीव्हायरस कंपन्यांना खुलं पत्र: मशीनचे सगळे अधिकार घेता, मग जबाबदारीही घ्या

प्रति,
भारतात अँटीव्हायरस बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या सर्व कंपन्या
प्रत माहितीसाठी: सर्ट-इन (देशाची सायबर सुरक्षा संस्था), नवी दिल्ली

नमस्कार,

मी गिरगाव ते परळ या पट्ट्यातल्या छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळते. सीएंची ऑफिसं, दवाखाने, डीटीपीवाले, एक-दोन शाळा आणि बरेचसे घरगुती ग्राहक. एएमसी म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं काम घेते, मशीन बंद पडलं की जाते, लॅमिंग्टन रोडवरून सामान आणते आणि दरवर्षी तुमचे बॉक्स विकत घेऊन, पट्टी खरवडून, की टाकून लोकांच्या मशीनवर बसवून देते. तुमच्या जाहिराती मोठ्या असतील पण आमच्याकडे लोक विचारतात "ताई, कुठलं टाकू?" आणि मी जे सांगेन ते टाकतात. त्यामुळे तुमच्या सॉफ्टवेअरने घोळ घातला की पहिला फोन मला येतो, आणि तोंड मलाच दाखवायचं असतं.

पत्र लिहायचं तात्कालिक कारण सांगते. महिन्याची २० तारीख, जीएसटीआर-३बी भरायचा शेवटचा दिवस, माझ्या एका सीए ग्राहकाच्या ऑफिसात तुमच्यापैकी एका कंपनीचं अपडेट सकाळी आलं आणि डिजिटल सिग्नेचरचं टोकन ज्या छोट्या प्रोग्रॅममुळे पोर्टलशी बोलतं तो प्रोग्रॅमच धोकादायक ठरवून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळ्या बंद कप्प्यात, टाकला. ऑफिसातल्या सगळ्या मशीनवर एकदम. मुलं बिचारी टोकन काढतायत, घालतायत, ड्रायव्हर पुन्हा टाकतायत, कोणाला कल्पनाच नाही कारण स्क्रीनवर काहीही सांगितलं नव्हतं, गुपचूप उचलून नेलेलं. मी जाऊन शोधेपर्यंत दुपार गेली, काही रिटर्न राहिले ते राहिलेच, आणि उशीर म्हटलं की दिवसाला ५० रुपये लेट फी आणि थकलेल्या करावर १८ टक्क्यांनी व्याज, ते भरणार सीएंचे ग्राहक. कंपनीला मी लेखी विचारलं की फाइल का पकडली, अपडेट पाठवायच्या आधी कशावर तपासलं होतं, नुकसान कोण भरणार. उत्तर आलं की फाइल एक्सक्लूजनमध्ये, म्हणजे न तपासायच्या यादीत, टाका, आणि तिकीट बंद. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद. नाव मुद्दाम घेत नाहीये, कारण नाव बदललं तरी उत्तर हेच येतं हे या धंद्यात असलेला कोणीही सांगेल.

मला अँटीव्हायरस नकोय असं अजिबात नाही. पेन ड्राइव्हवरून आलेल्या घाणीपासून तुमच्या प्रोग्रॅमने माझ्या ग्राहकांच्या फाइली वाचवलेल्या मी स्वतः बघितल्यात, रॅन्समवेअरने एका दवाखान्याचे सगळे केसपेपर लॉक झालेलेही बघितलेत. म्हणूनच बोलतेय. कॉम्प्युटरवर तुमच्याइतके अधिकार दुसऱ्या कुठल्याच विकत घेतलेल्या प्रोग्रॅमला नसतात. प्रत्येक फाइल तुम्ही उघडता, प्रत्येक मेल वाचता, ब्राउझरमध्ये बसता, विंडोजच्या गाभ्यात म्हणजे कर्नलमध्ये ड्रायव्हर टाकता, आणि वापरणाऱ्याला न विचारता काहीही डिलीट करू शकता. एवढं सगळं हातात घेतलं की चुकीचा हिशोबही तेवढाच द्यावा लागतो आणि तो तुम्ही देत नाही. माझी तक्रार मुळात एवढीच आहे, बाकी सगळं त्याचेच तपशील.

पहिला तपशील अपडेटचा. १९ जुलै २०२४, शुक्रवार, आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ९.३९ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीने एक छोटी फाइल जगभरच्या ग्राहकांना एकाच वेळी पाठवली. ७८ मिनिटांत मागे घेतली पण तोपर्यंत मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर गेली होती. इथे मुंबई विमानतळावर सुद्धा विमान कंपन्यांना चेक-इन हाताने करायची वेळ आली. कारण काय निघालं तर नव्या फाइलला २१ व्या रकान्यातली माहिती बघायची होती आणि प्रोग्रॅमकडे माहिती २० च रकान्यांची होती, नसलेला २१ वा वाचायला गेला आणि कर्नलमध्ये असल्यामुळे अख्ख्या विंडोजला घेऊन कोसळला. त्यानंतर कंपनीने जाहीर केलं की यापुढे अशा फाइली टप्प्याटप्प्याने पाठवू. यापुढे! अहो, एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफी या अँटीव्हायरसच्या ५९५८ नंबरच्या अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची एसव्हीसीहोस्ट फाइल व्हायरस म्हणून पकडली होती आणि जगभर ऑफिसांतली मशीन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत बसली होती. त्या वेळी मॅकॅफीचे सीटीओ, म्हणजे तंत्रज्ञान प्रमुख, असलेले जॉर्ज कुर्ट्झ २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइकचे सीईओ होते. १४ वर्षं मधे गेली आणि आधी थोड्या मशीनवर पाठवून बघा, मग सगळ्यांना पाठवा, ही साधी शिस्त या धंद्याला लागली नव्हती.

क्राउडस्ट्राइकची चूक निदान जगाने तरी बघितली, बातम्या झाल्या, त्यांना कारणांचा अहवाल काढावा लागला. माझ्या सीए ऑफिसातल्या मशीनची बातमी कोण करणार? छोट्या ग्राहकाच्या बाबतीत तुमची चूक ही चूक म्हणून कुठे नोंदलीच जात नाही.

आणि यात मराठीत काम करणारे लोक विशेष भरडले जातात, हे तुमच्या लॅबमध्ये कोणाच्या डोक्यातच नसावं. आमच्याकडचे जुने डीटीपीवाले अजून युनिकोडच्या आधीच्या फॉन्टवर काम करतात कारण त्यांची वर्षानुवर्षांची मॅटर त्याच फॉन्टमध्ये आहेत, प्रेसवालेही तेच मागतात. त्या फॉन्टसाठी टायपिंगचा जो छोटा प्रोग्रॅम असतो तो कीबोर्डवर दाबलेली प्रत्येक की मधेच पकडतो आणि तिच्या जागी मराठी अक्षर टाकतो. पासवर्ड चोरणारा कीलॉगर पण की पकडतोच, म्हणून तुमचं ह्युरिस्टिक, म्हणजे वागण्यावरून व्हायरस ओळखायची पद्धत, दोघांना एकाच मापाने मोजतं. नेमकं श्रावण-भाद्रपदात, जेव्हा गणेशोत्सव मंडळांचे अहवाल, पावती पुस्तकं आणि दिवाळी अंकांची पानं एकाच वेळी टेबलावर असतात, तेव्हा लालबागच्या एका काकांचा टायपिंगचा प्रोग्रॅम तुमच्यातल्या एकाने उडवला. काकांना वाटलं कीबोर्ड गेला, त्यांनी नवीन कीबोर्ड आणला. मग वाटलं विंडोज गेलं. अपडेट आलं की पुन्हा तेच, मी परत आणायचं आणि तुम्ही परत उडवायचं. भारतात विकताना भारतातले प्रोग्रॅम चाचणीच्या यादीत असायला नकोत का? जीएसटी, टीडीएसची सरकारी युटिलिटी, टोकनचे ड्रायव्हर, मराठी-हिंदी टायपिंगचे प्रोग्रॅम, अकाउंटिंगची सॉफ्टवेअर, ही यादी काही एवढी मोठी नाही, माझ्यासारखी कोणीही बसून दुपारभरात लिहून देईल.

आता त्याहून गंभीर. तुमच्या स्वतःच्या प्रोग्रॅममधली भोकं. ग्राहकाला वाटतं अँटीव्हायरस टाकला म्हणजे मशीनला एक जास्तीचं कुलूप लागलं. पण तुम्ही बाहेरून आलेली प्रत्येक फाइल, झिप असो, पीडीएफ असो, आपणहून उघडून बघता, तेही सगळ्यात वरच्या अधिकाराने. म्हणजे तुमच्या फाइल उघडणाऱ्या कोडमध्ये चूक असेल तर हल्लेखोराला फक्त फाइल पाठवायची असते, माणसाने क्लिक करायचीही गरज नाही. ही कल्पना नाहीये, २०१६ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झिरो या त्रुटी शोधणाऱ्या गटातल्या टाव्हिस ऑर्मंडी यांनी सिमेंटेक आणि नॉर्टन या अँटीव्हायरसमध्ये नेमकं हेच दाखवलं होतं, मेल नुसता येऊन पडला तरी पुरे होता, आणि विंडोजवर तर हे फाइली उलगडायचं काम कर्नलमध्ये चालायचं. त्यात बाहेरून घेतलेला ओपन सोर्स कोड वर्षानुवर्षं अपडेटच केलेला नव्हता. आम्हाला सांगता अपडेट करा, अपडेट करा. त्याच वर्षी ट्रेंड मायक्रो या अँटीव्हायरस कंपनीच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये असं निघालं की कुठलीही वेबसाइट तुमच्या मशीनवर कमांड चालवू शकेल. मे २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडर या विंडोजसोबतच येणाऱ्या अँटीव्हायरसच्या इंजिनमध्येही अशीच चूक सापडली, मात्र त्यांनी ती काही दिवसांतच दुरुस्त करून जाहीर सूचना काढली. चुका होणार हे मला मान्य आहे, कोड माणसंच लिहितात. झालेली चूक तुम्ही ग्राहकाला कळवता का, माझा प्रश्न हा आहे. इतकी वर्षं मी तुमचे बॉक्स विकतेय, पण "आमच्या प्रोग्रॅममध्ये ही त्रुटी होती, या आवृत्तीत दुरुस्त झाली, तुमची आवृत्ती तपासून घ्या" असा एकही मेल मला किंवा माझ्या ग्राहकांना आलेला नाही. रिन्यूअलचे मेल मात्र बरोबर येतात.

आणि ज्या वाटेने अपडेट येतं ती वाटच असुरक्षित असेल तर? एप्रिल २०२४ मध्ये एव्हास्ट या अँटीव्हायरस कंपनीच्या संशोधकांनी गुप्तीमायनर नावाच्या हल्ल्याच्या मोहिमेबद्दल लिहिलं. आपल्या मुंबईतल्याच ई-स्कॅन या अँटीव्हायरसचं अपडेट साध्या एचटीटीपीवरून, म्हणजे कुलूप नसलेल्या वाटेने, यायचं, हल्लेखोर मधल्या मधे खरं पॅकेज काढून स्वतःचं सरकवायचे, आणि अँटीव्हायरस ते खुशाल चालवायचा. त्यातून मोठ्या ऑफिसांच्या नेटवर्कमध्ये बॅकडोअर म्हणजे चोरवाटा गेल्या, काही मशीनवर चोरून क्रिप्टो चलन काढणारा मायनर गेला. संशोधकांनी ई-स्कॅनला आणि भारताच्या सर्ट-इनलाही कळवलं होतं, आणि कंपनीने त्यांना जुलै २०२३ च्या शेवटी दुरुस्ती झाल्याचं सांगितलं. दुरुस्त झालं हे चांगलंच. पण एचटीटीपीएस म्हणजे कुलूपबंद वाट आणि फाइल खरी असल्याची डिजिटल सही या काही कालपरवाच्या गोष्टी नाहीत. अपडेटच्या वाटेने काय होऊ शकतं ते आपण जून २०१७ मध्ये बघितलंय, युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या हा व्हायरस सुटला आणि इथे जेएनपीटी बंदरात मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं, कंटेनर अडकले. तिथे तर साधं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर होतं. तुमच्या अपडेटला तर मशीनवर अडवणारं कोणीच नसतं, कारण अडवायचं काम तुमचंच.

डेटाबद्दल थोडक्यात. एव्हास्ट आपल्या ग्राहकांची ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट या उपकंपनीमार्फत विकत होतं, हे जानेवारी २०२० मध्ये पत्रकारांनी उघड केल्यावर ती कंपनी बंद केली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहक संरक्षण संस्थेने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. ट्रॅकिंग थांबवतो असं सांगून विकलेलं सॉफ्टवेअर होतं ते. ज्यांनी गुप्तीमायनर शोधून काढला तीच ही कंपनी, म्हणजे चांगलं काम करणारे इंजिनिअर आणि माहिती विकणारे लोक एकाच छताखाली असू शकतात, आणि ग्राहकाला बॉक्सवरून यातलं काही कळत नाही. नॉर्टन, एव्हास्ट, एव्हीजी, अविरा हे चारही आज जेन डिजिटल या एकाच कंपनीचे ब्रँड आहेत हे सुद्धा दुकानात कोणी सांगत नाही, ग्राहक एकाला कंटाळून दुसरा घेतो तो त्याच घरातला. बँकेच्या साइटवरचं एन्क्रिप्शन मधेच उलगडून बघायची जी सोय तुमच्यातले काही देतात तिच्याबद्दलही हेच, त्यासाठी तुम्ही विंडोजमध्ये स्वतःचं रूट सर्टिफिकेट, म्हणजे साइट खरी असल्याचं ठरवणारा शिक्का, घालता हे किती लोकांना माहीत आहे? माझ्या ग्राहकांत तरी कोणालाच नव्हतं.

आता पॉपअप. यावर मला सगळ्यात जास्त राग येतो म्हणून सविस्तर लिहिते. दादरला माझे एक ग्राहक आहेत, रिटायर्ड शिक्षक, कॉम्प्युटर वापरतात ते मुलाशी व्हिडिओ कॉल, पेन्शनचं बँक खातं आणि पेपर वाचायला. त्यांच्या स्क्रीनवर लाल चौकट येते, "तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे", इंग्रजीत, मोठ्या अक्षरात. कधी ती तुमच्यापैकी कोणाचीतरी असते आणि रिन्यूअल अजून लांब असतं. कधी ती ब्राउझरमधून आलेली खोटी असते, तुमचाच लोगो लावून, खाली फोन नंबर देऊन, आणि फोन केला की समोरचा माणूस मशीनचा ताबा मागतो आणि मग बँकेचं खातं. सरांनी मला विचारलं, यातली खरी कुठली आणि खोटी कुठली ते मी कसं ओळखायचं? मी नीट समजावू शकले नाही. कारण दोन्ही दिसायला सारख्याच. लाल रंग तोच, उलटं मोजणारी घड्याळं तीच, "आत्ता" वर जोर तोच. वर्षानुवर्षं लोकांना तुम्ही सवय लावलीत की लाल चौकट आली की घाबरायचं आणि बटण दाबायचं, आणि हीच सवय भामटे वापरतात. फसवलं गेल्यावर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा हे मी सगळ्यांना सांगतेच, पण मुळात घाबरवणं ही विकायची पद्धत आहे ती तुम्ही थांबवू शकता, उद्या सकाळी थांबवू शकता, त्याला काही तंत्रज्ञान लागत नाही.

कायदाही आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाला फसवायच्या युक्त्या, रोखायची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात १३ प्रकार दिलेत. खोटी घाई, सबस्क्रिप्शनचा सापळा, सतत टोचत राहणं, आणि मशीनमध्ये व्हायरस आहे असं खोटं भासवून पैसे उकळणं, हे सगळे त्यात आहेत. रिन्यूअल आपोआप कापून घेण्याबद्दल रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवलं पाहिजे, ते बँक कळवते, पण तुमच्या साइटवर ऑटो-रिन्यूअल बंद करायचं बटण कुठल्या तळघरात असतं ते शोधून दाखवा. चालू करायची टिक मात्र आधीच केलेली असते.

आणि "संपूर्ण सुरक्षा" असं बॉक्सवर छापणं बंद करा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि माझ्या भागातली कितीतरी ऑफिसं अजून त्यावरच आहेत, काही तर विंडोज ७ वर. दुकानदार त्यांना सांगतो, अँटीव्हायरस टाका, काही होत नाही. विंडोजमधलं भोक तुमचा प्रोग्रॅम बुजवू शकत नाही हे तुम्हाला पक्कं माहीत आहे, पण विक्री होते म्हणून तुम्ही दुकानदाराला खोडत नाही.

तेव्हा माझ्या मागण्या, सरळ लिहिते.

१. कुठलंही अपडेट सगळ्यांना एकदम पाठवू नका, आधी थोड्यांना, मग बाकीच्यांना. आणि चुकीचं अपडेट गेलं की त्याच दिवशी जाहीर पान काढा, त्यावर लिहा की काय पकडलं गेलं, का, आणि परत कसं आणायचं. तिकीट बंद करणं म्हणजे उत्तर नाही.

२. भारतात वापरले जाणारे सरकारी आणि भारतीय भाषांचे प्रोग्रॅम चाचणीच्या यादीत घ्या आणि ती यादी प्रसिद्ध करा. क्वारंटाइन केलेली फाइल ठळकपणे दाखवा, मराठीतही दाखवा.

३. तुमच्या प्रोग्रॅममधल्या सुरक्षा त्रुटी ग्राहकाला मेलने कळवा, ज्या पत्त्यावर रिन्यूअलचा मेल जातो त्याच पत्त्यावर. त्रुटी शोधणाऱ्यांसाठी कळवायचा पत्ता ठेवा, आणि कोणी प्रामाणिकपणे कळवलं तर त्याच्यावर वकील सोडू नका.

४. प्रत्येक अपडेट एचटीटीपीएसवरून, डिजिटल सही तपासूनच चालवलं जाईल हे लेखी सांगा, आणि बाहेरच्या ऑडिटरकडून तपासून घेऊन अहवाल लोकांसमोर ठेवा.

५. घाबरवणारे पॉपअप बंद. रिन्यूअलची आठवण मुदत संपत आल्यावर द्या, साध्या अक्षरात, नेमकी तारीख लिहून. ऑटो-रिन्यूअलची टिक ग्राहक स्वतः करेल.

६. ब्राउझिंगचा डेटा कोणाला देता का, याचं हो किंवा नाही असं एका ओळीत उत्तर बॉक्सवर छापा. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा संमती मागायला सांगतो, ४० पानी करारात दडवलेली संमती मला चालणार नाही.

७. तुमच्या चुकीमुळे छोट्या व्यावसायिकाला दंड भरावा लागला तर निदान त्या वर्षाचे पैसे परत करा.

सर्ट-इनला वेगळी विनंती. २८ एप्रिल २०२२ च्या तुमच्या निर्देशांनुसार कंपन्यांनी सायबर घटना सहा तासांत तुम्हाला कळवायच्या असतात. अँटीव्हायरसच्या अपडेटमधूनच गडबड झाली तर ती घटना सामान्य वापरणाऱ्यापर्यंत किती वेळात आणि कुठल्या भाषेत पोचेल, याचाही नियम करा. सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून आहे, मोफत साधनं देतं, त्याच पानावर अशा सूचना मराठीत टाकता येतील.

उत्तर मला एकटीला नको, तुमच्या वेबसाइटवर जाहीर द्या. तोपर्यंत मी तीन वर्षांचे पॅक कोणालाही विकणार नाही, वर्षाचंच देईन. घरगुती ग्राहकांना विंडोजमध्ये आधीपासून असलेला डिफेंडर चालू कसा ठेवायचा, विंडोजचे अपडेट वेळेवर कसे घ्यायचे आणि बॅकअप वेगळ्या डिस्कवर कसा काढायचा हे बसून दाखवीन, मग तुमचा बॉक्स हवा की नको ते त्यांनी ठरवावं. लॅमिंग्टन रोडवरच्या आणि बाकी भागांतल्या माझ्या ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्यांनाही मी हे पत्र पाठवतेय, आणि त्यांच्याकडे क्वारंटाइन झालेल्या फाइलींचे जे स्क्रीनशॉट असतील ते तारखेसकट जमवायला सांगतेय. ते सगळे एकत्र करून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवणार आहोत.

आपली,
छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळणारी एक ग्राहक
गिरगाव, मुंबई